मातीचं बिल निघालं, माती कुठे आहे? एका मोर्चाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; घटनांचा क्रम आणि कागदपत्रं मात्र होती तशीच ठेवली आहेत. गावाच्या पूर्वेला नगरपरिषदेचा कचरा डेपो आहे आणि डेपोच्या कुंपणाला लागून साडेतीनशे घरांची वस्ती. वस्ती आधीची, डेपो नंतरचा. कागदावर तिथे ओला-सुका कचरा वेगळा होतो आणि ढिगांवर ठरलेल्या दिवशी मातीचा थर पडतो. प्रत्यक्षात ट्रॅक्टर येतो, ट्रॉली उलटी करतो आणि जातो. थंडीत ढीग धुमसू लागले की धूर वर चढत नाही, जमिनीला धरून वस्तीत शिरतो. रात्री दाराच्या फटीत ओली फडकी कोंबून माणसं झोपत. उघड्यावर कचरा जाळायला तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई होती आणि ती पाळून घेणं नगरपरिषदेचं काम होतं.

मी त्याच तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. जानेवारी २०२५ मध्ये एक निवृत्त शिक्षिका वस्तीतल्या आठ-दहा बायकांना घेऊन माझ्याकडे आल्या. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी टेबलावर प्लॅस्टिकची एक पिशवी ठेवली. तिच्यात दोन वर्षांत दिलेली सात निवेदनं होती आणि प्रत्येकावर नगरपरिषदेच्या आवक विभागाचा शिक्का. आठवा कागद माहिती अधिकारात मिळालेला होता. डेपोवर मातीचा थर टाकल्याची ठेकेदाराची बिलं महिन्यामागून महिना मंजूर झाली होती. वस्तीतल्या कुणीही तिथे माती पडताना पाहिली नव्हती.

आता त्यांना मोर्चा काढायचा होता. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, वस्तीपासून बाजारपेठेतून नगरपरिषदेपर्यंत. अर्ज घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा ठाणे अंमलदारांनी तो वाचला, परत बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, एकशे चव्वेचाळीस लागू आहे. बारावीचे पेपर आहेत. कशाला या भानगडीत पडता?" पोच मिळाली नाही.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण तोंडी नकाराची. नकार लेखी नसला की तो कुठल्या कायद्याने दिला, कुणी दिला, किती दिवसांसाठी दिला, यातलं काहीच समजत नाही. ज्या १४४ कलमाचं नाव घेतलं गेलं ते फौजदारी प्रक्रिया संहितेसोबत १ जुलै २०२४ पासून गेलं. त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. पण आमच्या जिल्ह्यात तेव्हा १६३ चाही आदेश नव्हता. होता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खालचा जमावबंदी आदेश. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीने तो दर पंधरवड्याला निघतो. तारखा बदलतात, मजकूर तोच राहतो. सण, जयंती, परीक्षा, संभाव्य आंदोलनं, अशी कारणांची यादी आणि शेवटी पाच किंवा अधिक लोकांनी जमण्यास मनाई. कलम ३७(३) खालचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या पुढे चालत नाही, म्हणून सोळाव्या दिवशी नवा निघतो. कलमाचा आकडा चुकला तर काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. बिघडतं ते असं की, दाद कुणाकडे मागायची हे त्या आकड्यावरच ठरतं.

दुसरी अडचण खरी होती. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून सुरू होत होती आणि गावातलं एक परीक्षा केंद्र बाजारपेठेच्या रस्त्यावरच आहे. ठाण्यातली बरीचशी माणसं परीक्षेच्या बंदोबस्ताला लागणार होती. पोलीस निरीक्षकांना मी नंतर भेटलो. त्यांनी हाताखालच्या माणसांची संख्या सांगितली आणि त्यांची काळजी मला पटली.

तिसरी अडचण त्यांनीच बोलता बोलता सांगितली. ठेकेदाराच्या बाजूचे काही लोक येऊन गेले होते. बायकांनी मोर्चा काढला तर आम्हीही काढू, असं ते म्हणाले होते. "वकीलसाहेब, दोन्हीकडचे समोरासमोर आले तर मी कुणाकुणाला आवरू?" माझ्या मते इथे विचाराची दिशा उलटी झाली होती. गडबड करण्याची भाषा एकाची आणि बंदी मात्र दुसऱ्यावर. एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. समोरून निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही; बोलणाऱ्याचं संरक्षण करणं हेच राज्याचं काम. निकाल एका चित्रपटाबद्दलचा होता, पण तत्त्व रस्त्यावरच्या मोर्चालाही तितकंच लागू पडतं.

समोर कोणत्या वाटा होत्या

बाईंच्या अंगणात बैठक झाली. साठ-सत्तर माणसं, बहुतेक बायका. चार वाटा पुढे आल्या.

परवानगीशिवाय निघायचं, ही पहिली. तरुण पोरांचा आग्रह याच वाटेचा होता. दुसरी, मोर्चा सोडून पाच जणांनी आठवं निवेदन द्यायचं. तिसरी, तोंडी नकाराविरुद्ध सरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करायची. चौथी, दिवस आणि मार्ग बदलून नवा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, लेखी उत्तर मागायचं आणि याचिकेचा मसुदा खिशात तयार ठेवायचा.

मी चौथीच्या बाजूने बोललो आणि त्यासाठी लोकांना कायदा समजावून सांगितला. राज्यघटनेचं कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं, १९(१)(ख) शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचं. दोन्हींवर मर्यादा आहेत, पण त्या सारख्या नाहीत. बोलण्यावर १९(२) खाली मर्यादा घालता येतात त्या देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याची चिथावणी या कारणांसाठी. जमण्यावर १९(३) खाली कारणं दोनच आहेत, सार्वभौमता-एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. साहेबांची अडचण किंवा कार्यालयाची नामुष्की यांतल्या कुठल्याच यादीत नाही.

सार्वजनिक सुव्यवस्था म्हणजे काय, याचंही उत्तर जुनं आहे. राम मनोहर लोहियांच्या १९६५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकात एक तीन वर्तुळं कल्पिली. सर्वांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आतलं राज्याच्या सुरक्षिततेचं. रस्त्यावरची प्रत्येक धक्काबुक्की पहिल्या वर्तुळात येते, दुसऱ्यात येतेच असं नाही. हिम्मतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या १९७२ च्या निकालाने रस्त्यावरच्या सभेला वेळ-जागेची शिस्त लावण्याचा पोलिसांचा अधिकार मानला, पण परवानगी देणं न देणं सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम रद्द केला. काश्मीरमधल्या निर्बंधांविरुद्धच्या अनुराधा भसीन यांच्या जानेवारी २०२० च्या प्रकरणात तर न्यायालयाने सांगितलं की असे मनाई आदेश कारणांसह काढले पाहिजेत, प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि पुन्हा पुन्हा तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. तो निकाल १४४ बद्दल होता. आमच्यासाठी सर्वांत जवळचा दाखला बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा. तिथे नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या धरण्याला कलम ३७ च्या आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली होती. १३ फेब्रुवारी २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले आणि एखाद्या कायद्याला विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येत नाही, असं बजावलं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर एक आजी म्हणाल्या, "म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. मग अर्ज कशाला?"

उत्तर बाईंनी दिलं. त्यांनी महाडची आठवण काढली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो माणसं जमली आणि ऐन वेळी दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

"दहा वर्षं," मागून एक बाई म्हणाली. कडेवर दीड वर्षाचं मूल होतं. "दहा वर्षं माझं लेकरू हाच धूर ओढणार का?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हतं. कायद्याच्या वाटेने चाला म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या वाटेला लागणारा वेळ कुणाच्या छातीतून वसूल होतो, हेही पाहिलं पाहिजे. म्हणून आम्ही चौथ्या वाटेला मुदत घातली. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर याचिका दाखल करायची. ती सगळ्यांनी हात वर करून मान्य केली.

पहिला निर्णय: दिवस आणि रस्ता

मंगळवार सोडला. हे सर्वांत अवघड गेलं, कारण बाजाराच्या दिवशी मोर्चा दहा गावांना दिसतो. पण परीक्षेचं कारण खरं आहे, हे मान्य करणं भाग होतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून पहाटे आझाद मैदान गाठलं होतं. त्या एका निर्णयाने मुंबईकर त्यांच्या बाजूला आले. हे उदाहरण मी बैठकीत दिलं आणि पोरांना तेच सर्वांत जास्त भिडलं.

मंडळाचं वेळापत्रक समोर ठेवून पेपर नसलेला एक दिवस निवडला. बाजारपेठेऐवजी वळसा घालून जाणारा रिंग रोड घेतला. अर्जात मार्ग, सुरुवात आणि शेवट, अंदाजे संख्या, वीस स्वयंसेवकांची नावं आणि फोन नंबर दिले. ध्वनिक्षेपकाचा परवाना वेगळा मागितला. नगरपरिषदेजवळ ग्रामीण रुग्णालय आहे आणि रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं अंतर शांतता क्षेत्र ठरू शकतं, म्हणून सभा कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवली. अर्जाच्या शेवटी एकच ओळ जास्तीची होती: परवानगी नाकारायची झाल्यास कारणांसह लेखी कळवावे. हा अर्ज ठाण्यात, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि तहसील कार्यालयात दिला. या वेळी तिन्ही ठिकाणी पोच मिळाली.

पाचव्या दिवशी परवानगी आली, अटींसह. माणसं २०० च्या आत, वेळ अकरा ते एक. सोबत बाई आणि आणखी चौघांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती, नोटीस होती. जुन्या संहितेतल्या आकड्यावरून लोक हिला अजून १४९ ची नोटीस म्हणतात. काही अनुचित घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, असा तिचा ठरलेला मजकूर. चौतीस वर्षं फळ्यावर शिकवलेल्या बाईच्या हातात तो कागद थरथरताना मी पाहिला आहे. नोटीस म्हणजे गुन्हा नाही, हे त्यांना मला तीनदा सांगावं लागलं.

दुसरा निर्णय: फलकावरचे शब्द

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी मी वस्तीत गेलो तेव्हा पोरं शाळेच्या ओट्यावर फलक रंगवत बसली होती. एका मोठ्या फ्लेक्सच्या पाठीवर लाल रंगात ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि पुढे "चोर" असं लिहून झालं होतं. रंग ओला होता.

मी बसलो आणि पोरांशी बोललो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. खरं बोललं आणि ते लोकहिताचं असलं तर बचाव आहे. पण खरं आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. चोरी सिद्ध करायला आपल्याकडे काय आहे? बिलं आहेत. पैसे कुणाच्या खिशात गेले, याचा कागद नाही. माती पडली नाही, हे मात्र आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पोरं गप्प झाली. मग त्यांच्यातल्याच एका मुलीने, अकरावीतल्या, विचारलं, "मग आपण विचारायचं ना, माती कुठाय?" नवा फलक तिनेच रंगवला. मातीचं बिल निघालं, माती कुठे आहे? खाली माहिती अधिकारातल्या उत्तराचा जावक क्रमांक आणि तारीख.

मोर्चात सर्वाधिक फोटो याच फलकाचे निघाले. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं तेही याच प्रश्नाचं. भीतीपोटी आपण शब्द सौम्य केले, असं त्या संध्याकाळी काहींना वाटलं होतं. माझं मत उलट आहे. "चोर" या शब्दाला ठेकेदार नोटीस पाठवून उत्तर देऊ शकला असता. या प्रश्नाला माती दाखवण्याशिवाय दुसरं उत्तरच नव्हतं.

तिसरा निर्णय: माइक

मोर्चा शिस्तीत निघाला. दुतर्फा दोर धरलेले स्वयंसेवक, पुढे बायका, मध्ये म्हातारी माणसं. दुसऱ्या बाजूचे दहा-बारा जण चौकात उभे होते. पोलिसांनी त्यांना तिथेच थोपवलं, आणि त्याबद्दल निरीक्षकांचे आभार मानायला हवेत. माणसं २०० च्या बरीच वर होती. सभा पावणेबाराला सुरू झाली.

सहावा वक्ता एक तरुण होता, तेवीस वर्षांचा. यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याची धाकटी बहीण थंडीभर दम्याने रुग्णालयात ये-जा करत होती. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे पाचला मैदानावर धावायला जायचा आणि धुरामुळे खोकत परत यायचा. त्याने माइक मागितला आणि कुणी नाही म्हणालं नाही. दोन मिनिटं तो चांगलं बोलला. मग बहिणीचं नाव निघालं, आवाज चढला आणि तो म्हणाला, "उद्या हाच कचरा साहेबांच्या बंगल्याच्या दारात ओतू! त्यांची पोरं खोकायला लागली की मग कळेल!"

टाळ्या वाजल्या, शिट्ट्याही झाल्या. मी स्टेजच्या बाजूला होतो आणि दोन सेकंद मला काय करावं ते सुचलं नाही. बाईंना सुचलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माइक घेतला आणि म्हणाल्या, "पोरा, तुझी बहीण ती माझी नात. पण घर कुणाचंही असो, आपण तिथे जाणार नाही. साहेबांच्या लेकरांनी आपलं काही केलेलं नाही. हे कार्यालय आपलं आहे, आपल्या पट्टीच्या पैशांवर चालतं, आपण इथेच येणार." मुलगा मान खाली घालून उतरला. बंगल्याच्या दिशेने एकही पाऊल वळलं नाही.

पण या सगळ्यात वेळ गेला. मुख्याधिकारी निवेदन घ्यायला खाली आले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती आणि आम्ही एक वाजून पंचवीस मिनिटांनी पांगलो.

त्या संध्याकाळी एकोणीस सेकंदांची क्लिप गावभर फिरली. मुलाचं वाक्य आणि टाळ्या, एवढंच. बाईंचं बोलणं कापलेलं. दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला: मुलावर न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकीचा, आणि मुलगा, बाई व आणखी चौघांवर कलम २२३ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली आदेशभंगाचा. संख्या आणि वेळ, दोन्ही अटी मोडल्या होत्या.

ते वाक्य मर्यादेच्या आत होतं का

या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले आणि माझं मत इथे सरळ मांडतो.

श्रेया सिंघल या २०१५ च्या निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या. कितीही बोचरी असली तरी चर्चा आणि पुरस्कार चालतात. मर्यादा लागू होते ती चिथावणीच्या पायरीवर. रंगराजन निकालाने दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा दिली. बोलणं आणि संकट यांचं नातं इतकं जवळचं हवं. बोललेल्या शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, हेही ठरलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकावरचा व्हॉट्सअॅप स्टेटसचा गुन्हा रद्द केला, तेव्हा समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाची कसोटी लावली. प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाची नव्हे. ही कसोटी मूळची १९४६ च्या नागपूर उच्च न्यायालयाची. २८ मार्च २०२५ ला, म्हणजे आमच्या गुन्ह्यानंतर महिनाभराने, एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही न्यायालयाने तीच कसोटी पुन्हा सांगितली.

या कसोट्यांवर चिथावणी ठरत नाही, असं मी मानतो. कुणी हललं नाही, तयारी नव्हती, आणि अर्ध्या मिनिटात त्याच व्यासपीठावरून ते वाक्य मागे घेतलं गेलं. पण धमकीचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मला इतकी खात्री नव्हती. अधिकाऱ्याच्या कामावर कितीही कठोर बोला, त्याने ते ऐकलंच पाहिजे. त्याच्या घराचं दार आणि घरातली मुलं यांचा उल्लेख आला की ऐकणाऱ्या आईबापाला भीती वाटते, आणि ती खोटी नसते. मुलाचं दुःख खरं होतं, वाक्य चुकीचं होतं. मुलाचा वकील म्हणून मी बचाव केला. पण त्याच्या घरी जाऊन त्याला हेही सांगितलं.

पुढे काय झालं

बाईंच्या भाच्याने फोन तिवईवर लावून सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपली होती. बावन्न मिनिटं, कुठेही न तोडता. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह ते चित्रीकरण आम्ही तपासी अंमलदाराला दिलं. मुलाला अटक झाली नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजेरीची नोटीस मिळाली. मुख्याधिकाऱ्यांनी पूर्ण चित्रीकरण पाहिल्यावर पुरवणी जबाब दिला की बाईंच्या बोलण्यानंतर त्यांना धोका वाटला नाही. धमकीचं कलम वगळलं गेलं. कलम २२३ खाली कोर्टाला दखल घ्यायची तर आदेश काढणाऱ्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. ती नव्हती, म्हणून तेही टिकलं नाही. राहिलं १३५, ते आजही चालू आहे.

डेपोचं म्हणाल तर, मोर्चानंतर चौथ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांचं लेखी पत्र आलं. रात्रपाळीचा पहारेकरी, पाण्याचा टँकर आणि पंधरा दिवसांत मातीचा थर. माती आली. वस्तीतल्या बायकांनी प्रत्येक टिपर मोजला आणि वहीत लिहिला. ठेकेदाराची आधीची बिलं तपासणीला गेली. डेपो जागेवरच आहे, आणि मे महिन्यात ढीग पुन्हा दोनदा पेटले.

काय वेगळं करता आलं असतं

वक्त्यांची यादी आम्ही केली होती, पण ती मोडायला एक मिनिट लागलं नाही. यादीबाहेरचं कुणीच नको, असं मी म्हणणार नाही. ज्याचं दुखतं त्याला बोलू द्यायलाच हवं. पण त्या मुलाशी आदल्या दिवशी बसून बोलायला हवं होतं. फलकासाठी मी एक तास दिला, माणसासाठी दिला नाही. ही चूक माझी.

२०० ची अट आम्ही मुकाट स्वीकारली, हीसुद्धा चूकच. साडेतीनशे घरांच्या वस्तीचा मोर्चा २०० माणसांत बसणार नाही, हे अर्जातल्या आकड्यावरूनच दिसत होतं. अट हाती आली त्याच दिवशी लेखी हरकत घ्यायला हवी होती. पाळता येणार नाही अशी अट मान्य करून मोर्चा काढणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः तयार करणं. वेळेचंही तसंच. निवेदन साडेबाराला वर नेऊन द्यायचं ठरवलं असतं, तर पंचवीस मिनिटांचा प्रश्नच आला नसता.

पूर्ण चित्रीकरण आम्ही कोर्टासाठी जपून ठेवलं. ते त्याच संध्याकाळी लोकांसमोर ठेवायला हवं होतं. कापलेली क्लिप रात्रभर एकटी फिरली आणि सकाळपर्यंत गावाचं मत बनून गेलं होतं.

पोलिसांच्या बाजूनेही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. पहिल्याच दिवशी ठाणे अंमलदारांनी अर्जावर शिक्का मारून "परीक्षेमुळे दिवस बदला" एवढं लिहून दिलं असतं, तर दोन आठवडे आणि बराचसा संताप वाचला असता. दिवस बदलायला लोक तयार होते, हे पुढे दिसलंच.

आता मुलाच्या भरतीचा अर्ज. त्यात प्रलंबित गुन्ह्याबद्दलचा रकाना असतो. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की किरकोळ केस आहे, लिहूच नये. मी त्यांना अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल वाचून दाखवला. माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. आणि तरुण वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल तर नेमणूक करणाऱ्याने ती सोडून द्यावी, असंही. घोषणा देण्याचं हे उदाहरण खुद्द न्यायालयानेच दिलेलं आहे. मुलाने ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडून पेन घेतलं आणि रकान्यात गुन्ह्याचा नंबर, कलम १३५ आणि "न्यायप्रविष्ट" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. अक्षर बाईंच्या वळणाचं आहे. पुढच्या तारखेला त्या दोघांनाही कोर्टात हजर राहायचं आहे.